चिमट्याचा तळहात

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भावोजींना, जहाजावर सगळे चिमटा म्हणायचे. घरी तसं कोणी म्हणत नसे, पण त्या नावाचा अभिमान मात्र घरालाच जास्त होता. शेगडीवरचं उकळतं पातेलं भावोजी फडकं न घेता नुसत्या हातांनी उचलून खाली ठेवत. ते बघायला शेजारची मुलं यायची. ताई वरवर रागवायची, "उगाच हात दाखवून अवलक्षण," म्हणायची, आणि पाहुणे आले की तीच हळूच सांगायची, "अहो, तेवढं झाकण काढा ना जरा."

मी शिंपी. दुकान ताईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मला खोल पाण्याची भीती वाटते आणि बढाईचा राग येतो, त्यामुळे भावोजी सुट्टीवर आले की आमचं रोज वाजायचं. ते मला मास्तर म्हणायचे, आणि म्हणताना असं काही हसायचे की मी सुईत दोरा ओवायचा विसरून जायचो. "मास्तर, तुझं काय बाबा, सावलीतलं काम. सुई टोचली तर तेवढंच." मीही सोडत नसे. "तुम्ही जहाजाच्या पोटात बसून जग फिरलात भावोजी, पण दिसलं काय? पाईप." हे मात्र त्यांना पटायचं.

ते तेलवाले होते. इंजीनरूममध्ये चार-चार तासांची पाळी, आणि त्या पाळीत एका पंपापासून दुसऱ्या पंपापर्यंत फिरत राहायचं. तेल कमी झालं असेल तर घालायचं, गळत असेल तर पुसायचं, आणि प्रत्येक बेअरिंगवर हात ठेवून बघायचा. हात टिकला तर ठीक, हात उडाला तर गरम, साहेबांना बोलवायचं. मोठ्या इंजिनाला मापकं होती, पण लहानसहान पंपांचा भरवसा तेलवाल्याच्या तळहातावर. आयुष्यभर त्यांनी हेच केलं.

या नादात घर राहिलं. माझी भाची जन्मली तेव्हा भावोजी समुद्रावर. ती चालायला लागली तेव्हाही समुद्रावर. एकदा सुट्टीवर आले, तर चारी ठाव जेवून झाल्यावर ती सगळ्यांसमोर ताईला म्हणाली, "आई, हे काका कधी जाणार?" हा किस्सा भावोजी स्वतःच रंगवून सांगायचे आणि सगळ्यांबरोबर हसायचे. पण त्या दिवशी मी तिथे होतो. ते हसले नव्हते, ताट घेऊन उठले होते.

तिच्याशी गट्टी जमावी म्हणून त्यांनी एक खेळ काढला. इंजीनरूममध्ये पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला उभ्यानेच सगळं सांगतो. हा पंप तापतोय, तो नळ गळतोय, त्या व्हॉल्व्हचं चाक घट्ट झालंय. येणाऱ्याने ते तसंच्या तसं म्हणून दाखवायचं आणि शेवटी म्हणायचं, "घेतली." तो घेतली म्हणेपर्यंत जाणाऱ्याने जागा सोडायची नाही. भावोजी जहाजावर परत निघाले की दारात उभे राहून त्या एवढ्याशा पोरीला घराची पाळी द्यायचे. "मागच्या खिडकीची कडी सैल आहे. मोरीतला नळ गळतो. आई सांगत नाही, पण तिचे गुडघे दुखतात." ती बोबड्या बोलात सगळं परत म्हणायची आणि छाती पुढे काढून "घेतली" म्हणायची. मगच ते बॅग उचलायचे.

यथावकाश भावोजी निवृत्त झाले आणि भाचीला मुलगी झाली. जावई दुसऱ्या गावी नोकरीला, म्हणून भाची बाळाला घेऊन ताईकडेच राहिली. रजा संपल्यावर ती पुन्हा चष्म्याच्या दुकानात कामाला जाऊ लागली. ताईला आता खाली बसता येत नव्हतं. तेव्हा बाळाची अंघोळ कोणाकडे, असा प्रश्न निघाला, आणि प्रश्न पुरता निघायच्या आत भावोजी म्हणाले, "माझ्याकडे."

लेकीची एकही अंघोळ त्यांच्या वाट्याला आली नव्हती. नातीची एकही चुकवायची नाही असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. सकाळी टॉवेल, साबण, पावडर अशी मांडामांड करायचे की जणू इंजिनच उघडायचंय. ताई म्हणायची, "तळहाताच्या फोडासारखी जपतात तिला." बाळ हातात आलं की आधी तिचा पाय स्वतःच्या गालाला लावायचे. मग पोट, मग तळवा. दिवसभर हेच. "पुरे की आता, झिजेल ती," असं मी एकदा म्हटलं, तर माझ्याकडे बघितलंही नाही.

बाळासाठी मी मऊ फ्लॅनेलचे दोन मोजे शिवले होते. आतून शिवण लागू नये म्हणून उलटी टीप घातली होती. कौतुक राहिलं बाजूला. एका संध्याकाळी भाची ते मोजे घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "मामा, राग मानू नकोस, पण हे कापड तिला टोचतंय. पाय लालबुंद झालेत." राग मानू नकोस म्हटलं की मला हमखास येतो. मी मोजे दिव्याखाली धरले, आतून हात फिरवला, स्वतःच्या ओठांवर घासून बघितले. टोचण्यासारखं काही नव्हतं. तरी आरोप माझ्या मोज्यांवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावोजी दुकानात आले. मी एका कोटाची कॉलर बसवत होतो, वजनदार इस्त्री बाजूला उभी तापत होती. मोज्यांवरून आता चेष्टा होणार म्हणून मी आधीच तोंड वाकडं करून ठेवलं. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. इस्त्रीकडे बघत उभे राहिले.

"तापलीय का रे?"

"तापली असेल," मी म्हटलं, आणि कॉलरखाली घालायचं अस्तर शोधायला खाली वाकलो.

वर आलो तो वासाने. भावोजींनी उजवा तळहात इस्त्रीच्या पत्र्यावर सपाट टेकवला होता आणि डोळे मिटून उभे होते. मी मनगट धरून त्यांना मागे खेचलं. कोटाची कॉलर गेली खाली, टाचण्यांची डबी गेली खाली. त्यांनी डोळे उघडले आणि तळहाताकडे असं बघितलं, की जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता.

"गरम होती?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना तसंच मागच्या नळाखाली नेलं. पिवळट, टाचेसारख्या जाड झालेल्या कातडीवर पांढरा पट्टा उठला होता. तो हात मी अनेकदा बघितला होता. इतक्या जवळून आणि चेष्टा सोडून पहिल्यांदाच बघितला.

"दुखतंय?"

"दुखलं असतं तर आलो कशाला असतो तुझ्याकडे," ते म्हणाले.

गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या स्टुलावर त्यांना बसवलं आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. मला संताप आला होता, पण कशाचा ते मलाही नीट कळत नव्हतं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. किस्से रंगवून सांगणारा माणूस, पण हे मात्र त्यांनी अगदी साधं सांगितलं.

इंजीनरूममध्ये काम असतं तेव्हा जीव जाईस्तोवर असतं, आणि नसतं तेव्हा तोच एक आवाज, तीच उष्णता, बोलायचं तरी कानात ओरडून. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसे तिथे नाही नाही ते उद्योग सुचत. लोखंडी जिन्याच्या दोन्ही कठड्यांवर हात टाकून, पायरीला पाय न लावता सरळ खाली घसरत यायचं. चालत्या पंपाच्या डोक्यावर नट ठेवायचा आणि तो उडायच्या आत उचलायचा. एकाची करंगळी त्या नटापायी गेली, तर पुढचे दोन दिवस खेळ बंद होता, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

आणि एक खेळ होता पाईपचा. इंजीन थंड करून परतणाऱ्या पाण्याच्या पाईपवरचं वेष्टण एका जागी निघालं होतं. पाळीतले सगळे तिथे एकदम तळहात टेकवायचे. ज्याचा हात आधी उडेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा आणि कपही धुवायचे. नवीन असताना भावोजींचा हात सगळ्यांत आधी उडायचा. पहिल्या सफरीत त्यांनी एवढा चहा केला की त्यांना लोक स्वयंपाकी समजायचे. हे त्यांच्या जिव्हारी लागलं. मग ते एकटे असताना पाईपवर हात ठेवायची सवय करू लागले. आज थोडा, उद्या त्याहून थोडा जास्त. फोड आले, फुटले, कातडी जाड झाली. पुढच्या सफरीत त्यांना हरवणारा कोणी राहिला नाही. चिमटा नाव पडलं ते तिथे. बंदरात लागलं की शेजारच्या जहाजावरची माणसं मुद्दाम त्यांचा हात बघायला यायची.

"वाटायचं, काय कमावलंय आपण," ते म्हणाले.

मग एकदा पाळी संपताना त्यांनी नेहमीप्रमाणे तेलाच्या पंपाच्या बेअरिंगवर हात ठेवला. हात टिकला. पुढच्या तेलवाल्याला पाळी देताना सांगितलं, तेलाचा पंप ठीक आहे. तो म्हणाला, घेतली. भावोजी जिन्याने निम्मे वर गेले असतील नसतील, तेवढ्यात खालून त्याची किंकाळी ऐकू आली. त्याने हात लावला होता आणि हात उडाला होता. साहेब धावत येईपर्यंत बेअरिंग वितळून पंप अडकला, धूर झाला, इंजीन बंद करावं लागलं. दिवस मावळेपर्यंत जहाज लाटांवर आडवं डुलत पडलं होतं. कोणाला काही झालं नाही, हे नशीब.

"साहेबांनी विचारलं, हात लावून बघितला होतास? मी म्हटलं, बघितला होता, गार होता. मास्तर, मी खोटं नव्हतो बोलत. गारच लागला होता."

"मग?"

"मग काय. चिमटा म्हणतोय गार होता, म्हणजे गारच असणार. सगळ्यांनी ठरवलं, पंपच जुना होता. खापर पंपावर फुटलं."

त्यांना तेव्हाच कळलं होतं. पण तेलवाल्याच्या हाताला गरम कळत नाही म्हटल्यावर त्याला पाळीवर ठेवणार कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ते गप्प बसले. पाईपचा खेळ सोडला. हरवायला कोणी उरलं नाही, असं लोकांना सांगितलं. आणि बेअरिंगवर हात ठेवण्याचं नाटक करत करत गाल जवळ नेऊ लागले. गालाला बरोबर कळायचं. बाकीच्यांना वाटायचं चिमटा मशीनचं गुपित ऐकतोय. तेही त्यांनी वाटू दिलं. पुढे इतकी वर्षं प्रत्येक पंपाचं दुखणं पाळी देताना सांगत राहिले, पण स्वतःच्या हाताचं कधी सांगितलं नाही.

माझ्या डोळ्यांसमोर ते दोन मोजे आले.

"बाळाचे पाय," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. काल सकाळी पाणी कालवून त्यांनी हात घातला. ठीक लागलं. बाळाचे पाय बुडवले आणि ती किंचाळली. त्यांनी लगेच वर घेतली, गार पाणी ओतलं. ताई आतून म्हणाली, रडू दे हो, बाळं रडतातच. संध्याकाळी भाचीने पाय बघितले आणि मोज्यांना दोष दिला, आणि भावोजी तिथेच उभे होते.

"आधी पंप, आता माझे मोजे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "एवढा गाल होता ना तुम्हाला? मग पाण्याला का नाही लावला?"

"सगळ्यांसमोर टबात तोंड घालू? तुझ्या ताईने विचारलं असतं, हे काय. तिला मी काय सांगणार होतो? इतकी वर्षं पातेली उचलून दाखवली ती कशी?"

मला त्यांचा राग आला होता आणि कीवही आली होती. मी स्वतः त्या पातेल्यांवर किती टाळ्या वाजवल्या होत्या ते आठवत होतं. पण बाळ बाळ आहे. मी म्हटलं, "भावोजी, उद्या सकाळी पुन्हा अंघोळ आहे. तुम्ही सांगता की मी सांगू?"

त्यांनी तळहात उलटासुलटा करून बघितला. "सांगितल्यावर ती बाळ माझ्या हातात देईल का रे?"

"ते मला माहीत नाही."

"मी सांगतो," ते म्हणाले. "पण तू जवळ बस."

संध्याकाळी मी मोजे खिशात घालून ताईकडे गेलो. जेवणं झाली होती. भाची बाळाला मांडीवर घेऊन लंगोटांच्या घड्या करत होती, ताई खुर्चीत पाय लांब करून बसली होती. भावोजी लेकीसमोर जाऊन ताठ उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना.

"बाबा, बसा ना."

"पाळी द्यायचीय. उभ्यानेच देतात."

ती हसली. तिला वाटलं जुना खेळ आहे. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हातातली घडी खाली ठेवली.

"माझ्या उजव्या हाताला गरम कळत नाही," भावोजी म्हणाले. "डाव्यालाही नाही. जहाजावर आम्ही एक खेळ खेळायचो, त्यात गेलं ते. कोणाला सांगितलं नाही. बाळाचे पाय मोज्याने लाल झाले नाहीत. पाणी गरम होतं. मी हात घालून बघितलं होतं, मला कळलं नाही."

ताईने तोंडावर हात नेला. बाळाचे दोन्ही पाय भाचीने मुठीत धरले, उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जोरात नाही, पण कडी लावल्याचा आवाज आला.

भावोजी तिथेच उभे राहिले. ताईने बसा म्हटलं, मी बसा म्हटलं, तरी उभेच. मग ताई रडायला लागली आणि रडता रडता त्यांना बोल लावायला लागली, की मला तरी सांगायचं होतं, मी काय परकी होते, आणि मीच मेली पाहुण्यांसमोर झाकणं काढायला लावत होते. दाराशी मला पोचवायला आले तेव्हा भावोजी एवढंच म्हणाले, "तिने परत म्हणून दाखवलं नाही मास्तर. घेतली म्हणाली नाही."

सकाळी मी दुकान उघडायच्या आधी तिकडे गेलो. मोजे परत द्यायचेत, असं निमित्त होतं. न्हाणीघराचं दार उघडं होतं. भाची टबापाशी बसून पाणी कालवत होती. कोपर बुडवलं, थोडं गार ओतलं, पुन्हा कोपर बुडवलं. ताई बाळाला घेऊन खुर्चीत होती. भावोजी लांब, भिंतीला टेकून उभे होते, पाहुण्यासारखे. टॉवेलसुद्धा त्यांनी मांडले नव्हते.

भाची उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"उजव्या हाताला गरम कळत नाही," ती म्हणाली. "डाव्यालाही नाही. पाणी गरम होतं, मोजे नाही. बरोबर?"

"बरोबर."

"अजून काही राहिलंय सांगायचं?"

भावोजींनी आधी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "ती हातात असते तेव्हा मला तिचं वजन कळतं. ऊब नाही कळत. ती गार आहे की कोमट, मला कळतच नाही. म्हणून सारखी गालाला लावतो. तिथे कळतं."

ताईने बाळाला घट्ट धरलं. मी खिशातल्या मोज्यांशी चाळा करत बसलो, कारण मला कोणाकडेही बघवत नव्हतं.

भाचीने नाक पुसलं. "मग पाणीही तिथेच बघा," ती म्हणाली.

"अं?"

"गाल लावा पाण्याला. मी कोपराने बघितलंय. तुम्ही गालाने बघा. दोघांनी बघितल्याशिवाय ती टबात जाणार नाही. मी कामाला गेले की आई खुर्चीतून वाकून कोपराने बघेल."

भावोजी गुडघ्यांवर बसले. टबाच्या काठाला धरून एवढा मोठा माणूस खाली वाकला आणि त्याने डावा गाल पाण्यावर टेकवला. कान भिजला, मिशीचं एक टोक भिजलं. एरवी हे बघून मी आठवडाभर हसलो असतो. ते डोळे मिटून तसेच राहिले, आदल्या दिवशी इस्त्रीपाशी होते तसे.

"कोमट आहे," ते म्हणाले.

"आहे," भाची म्हणाली. तिने ताईकडून बाळ घेतलं आणि त्यांच्या हातांत दिलं. "घेतली, बाबा."